सुगंधानं जावं की थांबावं

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या माझ्या घरी, पुढच्या खोलीत, दर रविवारी संध्याकाळी मराठीचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे पाच-सात मुलं, एक मोठी सतरंजी, खिडकीतला कूलर आणि चणे-मुर्ऱ्याचा, म्हणजे मुरमुऱ्यांचा, डबा. मी नोकरीभर बीरगावच्या शाळेत हिंदीतून गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर आसपासच्या मराठी घरांमधून एकच तक्रार ऐकू यायला लागली. पोरांना मराठी समजतं, पण ती बोलत नाहीत. आई मराठीत विचारते आणि पोरगं हिंदीत उत्तर देतं. म्हणून हा वर्ग सुरू केला.

सुरुवातीला मी गोष्टी सांगितल्या, कविता म्हणून घेतल्या. मुलं ऐकायची, मान डोलवायची आणि शेवटी म्हणायची, "अच्छा था, आबा." मग एका रविवारी दारात चपला काढता काढता निधी आणि वरद भांडत होते. विषय होता रोज संध्याकाळी लागणारी एक मराठी मालिका. दोघांच्याही घरी ती बघतात. भांडण हिंदीत होतं, पण मालिकेतली माणसं काय बोलली हे सांगताना दोघंही अस्सल मराठीत शिरत होते, आवाजाच्या चढउतारासकट. मी म्हटलं, हेच भांडण आत येऊन करा, पण सगळं मराठीत.

तेव्हापासून वर्गाला विषयाची कमतरता पडली नाही. मालिकेची नायिका सुगंधा, एका मिठाईवाल्या घरची धाकटी सून. तिची सासू, जिला मालिकेत सगळे मोठ्या बाई म्हणतात. दोन जावा, एक आळशी दीर, एक कारस्थानी मामा. आठवडाभर जे दाखवलं जायचं त्यातला एक प्रश्न आम्ही रविवारी घ्यायचो. सुगंधानं दागिने मामाकडे दिले ते बरोबर का? थोरल्या जावेनं खोटं बोलून घर वाचवलं की बुडवलं? सतरंजीच्या दोन बाजूंना दोन पक्ष बसायचे आणि समोरासमोर बोलायचे.

एक नियम होता. वाद चालू असताना जो हिंदीत घसरेल, त्यानं समोरच्याशी जागा बदलायची. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे, आणि दोघांनीही आता उलट बाजूनं बोलायचं, तेही मनापासून. टीव्ही, मोबाइल, प्रोमो असले शब्द चालायचे. मले, तुले, काहून तर चालायचेच, ते आमचंच आहे. पण हिंदीचं अख्खं वाक्य तोंडातून गेलं की उठायचं. हा नियम मी भाषेसाठी केला होता, पण त्याचा दुसराही उपयोग होतो हे लवकरच लक्षात आलं. ज्या बाजूवर आपण तुटून पडलो होतो तीच आता राखायची म्हटल्यावर मुलं विचार करायला लागायची. वरद तर एकदा इतक्या वेळा इकडून तिकडे गेला की शेवटी म्हणाला, "आबा, मामा चांगला आहे का वाईट, हे मले आता खरंच समजून नाही राहिलं." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

वरद सातवीत आहे. मालिकांचं त्याला जेवढं कळतं तेवढं कुणाला कळत नसेल. प्रोमोत थप्पड दाखवली की ती बसत नाही, नायिकेला उलटी झाली की आठवडाभर संशय आणि मग अपचन निघतं, एखादा नट अचानक परदेशी गेला तर त्याला दुसरीकडे काम मिळालं असं समजायचं, हे सगळं त्यानं मला शिकवलं. मी त्याला एवढंच शिकवत होतो की काय होईल हा एक प्रश्न आणि काय व्हावं हा दुसरा. आणि तिसरा सगळ्यांत अवघड. त्या माणसाला तेव्हा काय माहीत होतं? आपण सगळं पाहिलेलं असतं. तिनं पाहिलेलं नसतं.

निधी माझ्या शेजारची, नीलेश आणि पूर्णिमाची मुलगी. नववीत. बोलायला तेज आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त घसरणारी. रंगात आली की तिला भाषेचं भान राहायचं नाही. ती हॉकी खेळते, आणि नुसती खेळते असं नाही. एप्रिलमध्ये राजनांदगावला मुलींच्या निवासी प्रशिक्षणासाठी निवड झाली त्यात तिचं नाव आलं. तिथंच राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं, सकाळ-संध्याकाळ मैदानावर. राजनांदगाव काही परदेश नाही, गाडीनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं. नीलेश राजी होता, पूर्णिमा राजी होती. घोडं अडलं होतं ते निधीच्या आजीपाशी, शांताबाईंपाशी.

शांताबाई नाही म्हणाल्या नव्हत्या. तेच कठीण होतं. घरात राजनांदगावचा विषय निघाला की त्यांना गरगरायला व्हायचं. त्या पलंगावर आडव्या व्हायच्या, पूर्णिमा रक्तदाबाचं मशीन आणायची. मशीन कधी जास्त दाखवायचं, कधी दाखवायचं नाही, पण विषय तिथंच थांबायचा. नीलेश आईच्या पायाशी बसून राहायचा. त्याचे वडील बाबाराव, रेल्वेतले, गेल्यापासून तो आईच्या तब्येतीला फार जपतो. होकार कळवायची शेवटची तारीख मंगळवार होती. त्यानंतर जागा पुढच्या मुलीला जाणार होती.

शनिवारी निधी माझ्याकडे आली. मुर्ऱ्याच्या डब्याला हात न लावता बसली, तेव्हाच कळलं.

"आबा, तुम्ही आजीले सांगा ना," ती म्हणाली. "तुमचं ऐकते ती."

मी तिला सांगितलं की शांताबाई माझं ऐकतात हा तिचा गैरसमज आहे. त्या माझं ऐकून घेतात, एवढंच.

"मग मी काय करू?"

"तू बोल."

"मी बोलली की ती पडते."

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं, पाऊस पडतो म्हणावं तसं म्हटलं. मी डबा तिच्याकडे सरकवला. मग तिला सांगितलं, "तुझं म्हणणं मी मांडलं तर ते माझं होते, बेटा. आजी मले उत्तर देईल, तुले नाही. तुझ्याजवळ मुद्दे आहेत ना?"

"आहेत."

"मग काहून घाबरते? मुद्दे कुठं जात नाहीत. जागा पाहून बोल."

तिला ते पटलं नाही. पण ती गेली तेव्हा डब्यातला मूठभर मुर्रा घेऊन गेली, आणि मला वाटलं की पोरगी हरलेली नाही.

आता शुक्रवारच्या भागाबद्दल सांगायला हवं. सुगंधाची रेल्वे इंजिन चालवायच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. भुसावळला जायचं. नवरा तयार, बॅग भरलेली, रिक्षा दाराशी. ती उंबरा ओलांडणार तोच मागं मोठ्या बाई छातीवर हात ठेवून कोसळल्या. सुगंधा बॅग हातात घेऊन दारात उभी, ढोल-ताशे वाजल्यासारखं संगीत, आणि भाग संपला. आदल्या दिवशी त्याच मोठ्या बाई मोलकरणीला म्हणाल्या होत्या, "ती या घराबाहेर पाऊल टाकणार नाही." म्हणजे पडणं खरं की खोटं, हे प्रेक्षकांवर सोडलेलं. रविवारचा विषय मुलांनी शुक्रवारीच ठरवला होता. सुगंधानं जावं की थांबावं. मी विषय बदलू शकलो असतो. बदलला नाही.

रविवारी चार मुलं जमली आणि त्यांच्या मागोमाग शांताबाई आल्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात पंखा, कूलर असूनही.

"मास्तर, हे पोट्टे घरी येऊन सांगतेत का आम्ही मालिकेचा अभ्यास करून राहिलो," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पाहून तरी घेऊ कसा अभ्यास आहे."

मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी खुर्ची नाकारली आणि थेट सतरंजीवर बसल्या, सुगंधानं थांबावं म्हणणाऱ्यांच्या बाजूला. तिथं छोटी शर्मिष्ठा आणि स्वानंद होते. समोर निधी आणि वरद. निधीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खडू उचलून फळ्यावर विषय लिहिला आणि नियम सगळ्यांसाठी पुन्हा सांगितला. शांताबाई म्हणाल्या की त्यांना नियमाची भीती नाही, त्यांचं माहेर वर्ध्याचं आहे. कॉलोनीत सगळ्यांना हे माहीत आहे. दुसऱ्याची मराठी दुरुस्त करण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही.

वरदनं सुरुवात केली. त्याचं म्हणणं असं की मोठ्या बाई ढोंग करत होत्या. पुरावा काय? पडण्याआधी त्यांच्या हातात पूजेचं ताट होतं. ते त्यांनी बाजूच्या टेबलावर नीट ठेवलं आणि मग पडल्या. छातीत कळ आलेला माणूस ताट नीट ठेवतो का?

"बाई आहे ती," शांताबाई म्हणाल्या. "जीव गेला तरी ताट सांडू देणार नाही."

मुलं हसली. वरदही हसला, पण त्याचा पुरावा गेला. मग तो मोलकरणीच्या वाक्यावर आला. मोठ्या बाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं ना?

"तुले सांगितलं, पोरा. सुगंधाले सांगितलं का? तुनं घरी बसून सगळं पाहिलं. तिनं काय पाहिलं? सासू पडली, एवढंच पाहिलं. तेवढ्यावरच तिले ठरवा लागते."

जे मी मुलांना महिनोन् महिने समजावत होतो ते या बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत मांडलं. मी मनातल्या मनात त्यांना पूर्ण गुण दिले.

आता निधी बोलली. सावकाश, एकेक शब्द तपासून. घरात मोठा मुलगा आहे, थोरली सून आहे, डॉक्टर शेजारच्या गल्लीत आहे. सुगंधा थांबून करणार काय? तिला इंजेक्शन देता येतं का?

"माणसाले इंजेक्शनच लागते काय?"

"नाही. पण बाकीचे आहेत ना. आणि भुसावळची तारीख एकच आहे. ती गेली की जागा दुसऱ्या कोणाले देतील."

"तारखा येतात, तारखा जातात. माणूस जाते तो येत नाही."

खोलीत सगळ्यांना कळत होतं की बोलणं भुसावळचं नाही. अगदी शर्मिष्ठालाही, कारण ती मुर्रा चघळायची थांबली होती. निधीचा चेहरा लाल झाला. तिचे ओठ हलले, आणि मला वाटलं, आता ही घसरते. पण ती थांबली, तांब्यातलं पाणी प्यायली आणि मराठीतच म्हणाली की सुगंधानं लग्न झाल्यापासून याची तयारी केली होती, घरचं सगळं काम करून केली होती, आणि तेव्हा मोठ्या बाईंनी कधी नको म्हटलं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर तिनं तयारीच केली नसती.

शांताबाईंनी पंखा जोरात हलवला.

इथं वरदला राहवलं नाही. समोरच्याला डिवचून हिंदीत घसरवायचं, ही त्याची जुनी खेळी. तो उभा राहिला, छातीवर हात ठेवला, डोळे फिरवले, एक डोळा किलकिला ठेवून कोण बघतंय ते पाहिलं आणि सतरंजीवर अलगद आडवा झाला. "मेकअप पण नाही बिघडला," पडल्या पडल्या तो म्हणाला. "नाटक आहे, आजी. पूर्ण नाटक."

सगळे हसले. शांताबाई हसल्या नाहीत.

"चुप बैठ," त्या कडाडल्या. "बीमार आदमी का मज़ाक उड़ाता है? तेरे घर में कोई बूढ़ा नहीं है क्या?"

कूलरचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. वरद उठून गुपचूप आपल्या जागी जाऊन बसला.

यात नवल काही नव्हतं. आम्ही रायपूरची मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या भाजी हिंदीत आणतो, रिक्षावाल्याशी हिंदीत बोलतो आणि चिडलो की हिंदीतच चिडतो. देवापुढं आणि जेवताना मराठी. राग आला की जीभ आपली आपण बाजारात जाते. माझीही जाते. पण मुलांच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. शांताबाई पाहुण्या होत्या, माझ्याच वयाच्या होत्या, नियम त्यांच्यासाठी केला नव्हता. मी तो त्यांच्यापुरता सोडून दिला असता तर मुलांनी काही म्हटलं नसतं. फक्त त्यांनी मनात नोंद केली असती की नियम लहानांसाठी असतात.

"शांताबाई, आपण हिंदीत बोललात," मी म्हटलं.

"मी? मी कायले हिंदीत बोलन?"

शर्मिष्ठानं त्यांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, त्याच आवाजात, पंखा हलवल्याचा अभिनय करून. शांताबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग दाराशी ठेवलेल्या आपल्या चपलांकडे. त्या उठून गेल्या असत्या तर त्यांना कुणी अडवलं नसतं.

"आता काय करा लागते?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. निधीशी जागा बदलायची. तुम्ही आता सुगंधाच्या बाजूनं, निधी मोठ्या बाईंच्या. आणि मनापासून.

"म्हणजे तिनं जावं, असं म्हणू मी?"

"हो."

त्यांनी पाणी मागितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि समोर जाऊन वरदशेजारी बसल्या. वरद थोडा सरकला. निधी त्यांच्या जागी येऊन बसली. ती जागा अजून गरम असेल, असं माझ्या मनात आलं.

शांताबाई बराच वेळ गप्प होत्या. मी घाई केली नाही. वर्गात शांतता झाली की ती भरून काढायची शिक्षकाला घाई होते, आणि बऱ्याचदा तिथंच चांगलं उत्तर मरतं.

"सुगंधानं जावं," शेवटी त्या म्हणाल्या. "काहून का, ती आज परत फिरली तर मोठ्या बाईले समजन का पडलं की काम होते. मग ती रोज पडन. आज भुसावळसाठी, उद्या माहेरी जाते म्हणून, परवा बाजारात जाते म्हणून. आणि खरं सांगू का, पडता पडता तिले स्वतःलेही नाही समजणार, खरी पडली का खोटी."

स्वानंद हसायला लागला आणि निधीचा चेहरा बघून थांबला. निधी आजीकडे बघत होती. तिची पाळी होती.

"निधी," मी म्हटलं. "मोठ्या बाईंच्या बाजूनं."

"मोठ्या बाई खोटं नाही पडल्या," ती हळूच म्हणाली. "त्यांले भेव वाटलं. सुगंधा गेली तर घरात बाकीचे आहेत, पण ते सगळे आपापल्या कामात असतेत. संध्याकाळी मोठ्या बाईंजवळ कोण बसते? सुगंधाच बसते. दोघी टीव्ही पाहतेत आणि भांडतेत. मोठ्या बाई म्हणतेत ही बरोबर, सुगंधा म्हणते ती बरोबर. बाकीचे तर फक्त हो हो करतेत. मग सुगंधा गेली तर मोठ्या बाई भांडतील कोणाशी?"

मालिकेत असं काही नव्हतं. मोठ्या बाई आणि सुगंधा कधीही एकत्र टीव्ही बघत नाहीत. मालिकेतली माणसं टीव्ही बघतच नाहीत. वरदनं हे सांगायला तोंड उघडलं आणि मी त्याच्याकडे पाहिल्यावर मिटलं.

शांताबाईंचा पंखा थांबला होता.

"भेव वाटते तर म्हणावं ना, मले भेव वाटते म्हणून," त्या म्हणाल्या. "पोरीले समोर बसवून म्हणावं. त्यासाठी पडाचं काहून?"

"म्हटलं असतं तर सुगंधा थांबली असती," निधी म्हणाली.

"म्हणूनच नसन म्हटलं."

मी वाद तिथंच थांबवला. आमच्याकडे हारजीत ठरवत नाहीत. शेवटी प्रत्येकानं समोरच्याचा असा एक मुद्दा सांगायचा असतो ज्याला आपल्याला उत्तर देता आलं नाही. स्वानंदनं सांगितला, शर्मिष्ठानं कुठला तरी भलताच सांगितला. निधी म्हणाली की पडलं की काम होतं, हा. शांताबाई म्हणाल्या, "भांडतील कोणाशी, हा. याले माझ्याजवळ उत्तर नाही."

वरदनं मात्र मुद्दा सांगायच्या ऐवजी भविष्य सांगितलं. सुगंधा जाणार नाही. काय व्हावं ते तुम्ही ठरवा, काय होईल ते मी सांगतो. घराचा सेट बांधलेला आहे, सगळे नट तिथं आहेत. "ती भुसावळले गेली तर भुसावळचा सेट कोण बांधन?"

चपला घालताना शांताबाई मला म्हणाल्या की उद्या संध्याकाळी घरी या, भाग आमच्याकडेच बघा. निधीबरोबर त्या गेल्या. फाटकापाशी निधीनं त्यांचा हात धरला, रस्ता खणलेला होता म्हणून.

सोमवारी मी गेलो. नीलेश कामावरून नुकताच आला होता, भनपुरीतल्या ट्रान्सपोर्ट कंपनीतल्या धुळीनं त्याचा शर्ट पिवळट झालेला. पूर्णिमानं सरबत दिलं. निधी आजीच्या पलंगावर, नेहमीच्या जागी, पाय वर घेऊन बसली होती. राजनांदगावबद्दल दिवसभर घरात कुणी काही बोललं नव्हतं, हे पूर्णिमानं मला स्वयंपाकघराच्या दारात हळूच सांगितलं. नीलेशनं ठरवलं होतं की आता आईला त्रास नको, मंगळवारी नकार कळवून टाकू.

भाग सुरू झाला. सुगंधाच्या हातातली बॅग जमिनीवर पडली. कॅमेरा तीनदा त्या बॅगेवर गेला. ती धावत परत आली, मोठ्या बाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि देवघरातल्या समईकडे बघून शपथ घेतली की ती पुन्हा कधी भुसावळचं नाव काढणार नाही. रिक्षा रिकामी निघून गेली. घरातले सगळे रडले, कारस्थानी मामाही रडला. मोठ्या बाईंनी डोळे उघडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं. ते हसू पुरतं पसरायच्या आत शांताबाईंनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"आई, अजून होतं," नीलेश म्हणाला.

"काय होतं? काही नव्हतं." त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, ज्यानं हे लिहिलं त्याले सासू समजलीच नाही. पोरीनं सगळं सोडलं आणि ही हसून राहिली. असं हसू येते का कोणाले? मी सांगतो, येत नाही. रात्रभर झोप येत नाही."

निधी हातातल्या उशीची शिवण उसवत होती. मी म्हटलं, लिहिणाऱ्याला काय व्हावं ते माहीत असेल, पण त्याला सेट एकच दिला असेल.

"त्याची तो जाणे," शांताबाई म्हणाल्या. "नीलेश, राजनांदगावले फोन लाव."

नीलेश जागचा हलला नाही. त्याला वाटलं असावं की आता आईला गरगरणार. त्यानं पूर्णिमाकडे पाहिलं, मशीन कुठं आहे अशा नजरेनं.

"मशीन नको," शांताबाई म्हणाल्या. "फोन लाव. हो म्हणून सांग. आणि हेही सांग का पोहोचवायला मी येतो. तिथं पोळ्या देतेत का नुसता भात, ते मी पाहीन. आंघोळीला गरम पाणी आहे का पाहीन. त्यांच्या मॅडमशी बोलन." मग निधीकडे न बघताच त्यांनी आपला हात तिच्या पायावर ठेवला. "मले भेव वाटते, निधी. हे तुले सांगून ठेवलं. पण तू जा."

निधीनं उशी बाजूला ठेवली आणि आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं, उंचीनं आजीपेक्षा मोठी असल्यामुळे जरा वाकून. नीलेश मोबाइल हातात घेऊन नंबर शोधत होता आणि तो त्याला सापडत नव्हता.

पूर्णिमा उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात निधीचे खेळायचे कपडे होते, मोजे, दोन टॉवेल, धुऊन, इस्त्री करून, बॅगेत भरायच्या घड्या घातलेले. ते तिनं दुपारीच करून ठेवले होते.